विश्लेषण : बर्क तोंडपाठ, आकडे हाताशी… गोपाळ कृष्ण गोखले राजकारणाची इंग्रजी भाषा कशी शिकले?

सेडिशन, बॉयकॉट, मॉडरेट, होम रूल, बजेट सरप्लस… हे शब्द आज कोणत्याही मराठी बातमीत सहज येऊन जातात. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पुण्यात मात्र ते नवे होते आणि धोक्याचेही होते. एखादा शब्द कमी-जास्त झाला तर संपादक तुरुंगात जात होता, एखादे विधान सिद्ध करता आले नाही तर नेत्याला जाहीर माफी मागावी लागत होती. ही भाषा पुण्यात सर्वांत कसून शिकलेला माणूस म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले. त्यांनी ती कुठे शिकली, कशी वापरली आणि तिची किंमत काय मोजली, याचा हा आढावा.

पाठांतरापासून सुरुवात का झाली?

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा गोपाळ १३ वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून महिना १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवू लागले. घरातल्या मिळकतीचा निम्म्याहून अधिक वाटा ज्या शिक्षणावर जातो, ते शिक्षण मुलगा हलक्याने घेत नाही. गोखले यांनीही घेतले नाही.

घरात इंग्रजी बोलणारे कोणी नव्हते. मराठीतून इंग्रजीत जाण्याचा त्यांना सापडलेला रस्ता पाठांतराचा होता. पुस्तकेच्या पुस्तके त्यांनी पाठ केली. त्यात एडमंड बर्क यांचे फ्रेंच राज्यक्रांतीवरचे १७९० मधील पुस्तक होते. इंग्रज वक्त्यांची भाषणेही होती. पुस्तक मित्राच्या हातात द्यायचे, स्वतः घडाघडा म्हणायचे आणि चूक सापडली तर मित्राला दंड भरायचा, अशी त्यांची आठवण सांगितली जाते. पाठांतराला आज घोकंपट्टी म्हणून नाक मुरडले जाते. पण गोखले नुसते शब्द पाठ करत नव्हते, शब्द कोणत्या वाक्यात आणि कोणाच्या विरोधात वापरला जातो तेही त्यांच्या डोक्यात बसत होते. क्रांती, परंपरा, हक्क, जुलूम, प्रतिनिधित्व हे शब्द त्यांना शब्दकोशातून भेटले नाहीत. एका देशाच्या उलथापालथीवर दुसऱ्या देशात झालेल्या भांडणातून ते भेटले.

राजाराम कॉलेज, काही काळ डेक्कन कॉलेज आणि शेवटी मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा प्रवास करून ते १८८४ मध्ये बी. ए. झाले. एल्फिन्स्टनचे प्राचार्य विल्यम वर्ड्सवर्थ हे त्याच नावाच्या इंग्रज कवीचे नातू होते. कोकणातून आलेल्या मुलाच्या इंग्रजीवर थेट त्या घराण्याचा हात फिरला, असे म्हणायला हरकत नाही.

पुण्यात आल्यावर काय बदलले?

जानेवारी १८८५ मध्ये गोखले न्यू इंग्लिश स्कूलमध्ये महिना ३५ रुपयांवर साहाय्यक शिक्षक झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आदींनी १८८० मध्ये ही शाळा काढली होती. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. गोखले १८८६ मध्ये सोसायटीचे आजीव सदस्य झाले. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र यांपैकी जो तास रिकामा असेल तो ते घेत.

सदी या इंग्रज लेखकाने लिहिलेले नौसेनापती नेल्सनचे चरित्र त्यांना शिकवावे लागले, तेव्हाची एक आठवण आहे. पुस्तक जहाजावरच्या शब्दांनी भरलेले. शिडे, डोलकाठ्या, दोरखंड यांची इंग्रजी नावे वर्गात कोणालाच कळणार नव्हती. गोखले मुंबईच्या गोदीत जाऊन ते शब्द प्रत्यक्ष जहाजावर समजून आले, असे सांगतात. शब्दामागची वस्तू पाहिल्याशिवाय तो वापरायचा नाही, ही सवय पुढे अंदाजपत्रकाच्या बाबतीत फार कामाला आली.

रानडे यांच्याकडून नेमके काय मिळाले?

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या हाताखाली गोखले यांनी सुमारे १४ वर्षे काम केले. सार्वजनिक सभेच्या इंग्रजी त्रैमासिकाचे संपादन त्यांच्याकडे आले. १८८८ मध्ये गोपाळ गणेश आगरकर यांनी सुधारक सुरू केला, त्याची इंग्रजी बाजू गोखले लिहीत. पण खरी शाळा रानडे यांच्या घरी भरत होती. सरकारचे अहवाल, खर्चाचे तक्ते, जुनी पत्रे यांचे ढीग वाचायचे, त्यातून अर्ज तयार करायचा आणि रानडे यांनी तो परत केला की पुन्हा लिहायचा.

बर्क वाचून गोखले यांना राजकारणाचे अलंकारिक इंग्रजी आले होते. रानडे यांनी त्यांना सरकारी इंग्रजी वाचायला शिकवले. या दोन्हींत मोठा फरक आहे. सरकारी इंग्रजीत कोणी कोणावर जुलूम करत नाही. तिथे फक्त खर्चाची शीर्षके असतात. उदाहरणार्थ ‘होम चार्जेस’. वाचताना घरखर्च वाटावा असा हा साधा शब्द. प्रत्यक्षात तो भारताने दरवर्षी इंग्लंडमध्ये पौंडांत भरायच्या रकमेचा मथळा होता. निवृत्तिवेतने, कर्जावरचे व्याज, लंडनमधील भारतमंत्र्यांच्या कचेरीचा खर्च सगळे त्यात. यातले ‘होम’ म्हणजे इंग्लंड, हे लक्षात आले की निम्मे अर्थशास्त्र उलगडते. दादाभाई नौरोजी यांनी याच प्रकाराला ‘ड्रेन’ म्हणजे संपत्तीचा निचरा म्हटले होते. दोघांचे शब्द वेगळे आणि विषय एकच.

या शिक्षणाची परीक्षा १८९७ मध्ये लंडनला झाली. भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगासमोर एप्रिलमध्ये गोखले यांची साक्ष झाली. तेव्हा ते ३० वर्षांचे होते. सोलापूरचे शिक्षक आणि आकडेवारीचे जाणकार गणेश व्यंकटेश जोशी यांनी तयारीला मोठी मदत केली होती. आयोगाने उलटसुलट प्रश्न विचारले आणि गोखले टिकले. पैशाच्या नुकसानीइतकेच दुसरेही नुकसान त्यांनी मांडले : वरच्या सगळ्या जागा परक्यांकडे असल्या की देशातल्या माणसांची कर्तबगारीच खुरटते.

एवढे यश मिळाले असताना माफी का मागावी लागली?

गोखले यांच्या आयुष्यातला हा सर्वांत कठीण प्रसंग आहे आणि त्याबद्दल पुण्यात आजही दोन मते ऐकू येतात.

१८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेगने थैमान घातले. डब्ल्यू. सी. रँड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने गोऱ्या सैनिकांकडून घरांच्या झडत्या सुरू केल्या. देवघरात, माजघरात शिरणे, सामान बाहेर फेकणे, स्त्री-पुरुषांची तपासणी यामुळे शहर संतापले होते. लंडनमध्ये असलेल्या गोखले यांना पुण्याहून पत्रे येत होती. सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आणि त्यातून एकीने जीव दिल्याचा उल्लेख त्यात होता. गोखले यांनी ही माहिती मँचेस्टर गार्डियनला दिली. ती छापून आली आणि प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले. त्याच सुमारास, २२ जून १८९७ च्या रात्री, गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या.

मुंबई सरकारने आरोप फेटाळला आणि पुरावा मागितला. जुलैअखेर गोखले मुंबईला परतले तेव्हा शहराचे पोलीस आयुक्त त्यांना जहाजावरच भेटले. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगायची की नाही, एवढाच प्रश्न उरला होता. नावे सांगावीत तर ती माणसे पोलिसांच्या तोंडी जाणार. न सांगावीत तर आरोप निराधार ठरणार. हाती पुरावा नव्हता. गोखले यांनी नावे सांगितली नाहीत. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी गव्हर्नर, प्लेग समितीचे सदस्य आणि सैनिक यांची बिनशर्त माफी मागितली.

इंग्रजी सार्वजनिक जीवनात खेद व्यक्त करणे, अटी घालून दिलगिरी दाखवणे आणि बिनशर्त माफी मागणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. वकिली सल्ला घेऊन पहिल्या पायरीवर थांबता आले असते. गोखले यांनी तिसरी निवडली, कारण त्यांच्या हिशेबाने सिद्ध न होणारे विधान मागेच घ्यायला हवे होते. पुण्यात त्याचा अर्थ वेगळा लागला. मराठीत माफी म्हणजे शरणागती. त्या वर्षीच्या अमरावती काँग्रेसमध्ये त्यांना बोलू देण्यालाही विरोध झाला. पुढच्या प्लेगच्या साथीत ते स्वयंसेवक म्हणून गल्ल्यांतून फिरले. याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

झडत्यांतल्या अतिरेकाची तक्रार शहरातल्या अनेकांनी केली होती. गोखले यांची अडचण एका विशिष्ट आरोपाच्या पुराव्याची होती. माफीनाम्याने सगळ्याच तक्रारी खोट्या ठरल्या, असे मानणे चुकीचे आहे.

त्याच वेळी टिळकांचा खटला कोणत्या शब्दावर उभा होता?

‘डिसअफेक्शन’. गोखले परतले त्याच आठवड्यात, २७ जुलैला, टिळकांना अटक झाली. भारतीय दंडसंहितेच्या १२४ अ कलमात हा शब्द होता. केसरीतील शिवाजी महाराज आणि अफझलखान यांच्यासंबंधीच्या मजकुराचे इंग्रजी भाषांतर न्यायालयात वाचले गेले आणि वाद मराठी शब्दांच्या इंग्रजी छटांवर आला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ‘डिसअफेक्शन’चा अर्थ सरकारविषयी प्रेम नसणे इतका पसरट लावला. प्रेम नसणे हाच गुन्हा असेल तर मोकळे कोण राहणार? टिळकांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. १८९८ मध्ये कलम दुरुस्त करून द्वेष आणि तुच्छता हे शब्दही त्यात घालण्यात आले. दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने १ जुलै २०२४ रोजी घेतली, तोपर्यंत हे कलम पुस्तकात होते.

‘सरप्लस’वरून कर्झन यांच्याशी वाद काय होता?

फर्ग्युसनमधून १९०२ मध्ये निवृत्त झालेले गोखले तोवर व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात पोहोचले होते. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. समोर लॉर्ड कर्झन होते. सरकारकडे शिल्लक होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून मिरवली जात होती.

गोखले यांनी तो शब्दच उलगडून दाखवला. रुपया पौंडाच्या तुलनेत घसरला तेव्हा ‘होम चार्जेस’ भरण्यासाठी जास्त रुपये लागू लागले, म्हणून कर वाढवण्यात आले. पुढे रुपया सावरून १६ पेन्सवर स्थिर झाला आणि तेच देणे कमी रुपयांत भागू लागले. पण वाढवलेले कर तसेच राहिले. उरलेली रक्कम म्हणजे शिल्लक. दुष्काळ आणि प्लेगने पिचलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतलेला पैसा, एवढाच तिचा अर्थ. गणिताच्या मास्तराने फळ्यावर सोडवावे तसे हे उदाहरण होते. मिठावरचा कर मणामागे अडीच रुपये होता. १९०३ मध्ये तो २ रुपये, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये १ रुपया झाला. याचे सगळे श्रेय एकट्या गोखले यांना देता येणार नाही, पण दरवर्षी मार्चमध्ये उभे राहून हा विषय काढणारे तेच होते.

‘बॉयकॉट’ या शब्दाला त्यांचा विरोध का?

हा शब्द आयर्लंडचा. १८८० मध्ये मेयो परगण्यात कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट नावाचा एका जमीनदाराचा कारभारी होता. खंडाच्या वादात लँड लीगच्या शेतकऱ्यांनी त्याच्याशी सगळे व्यवहार तोडले. मजूर, दुकानदार, टपालवाला कोणीच त्याच्याकडे फिरकेना. काही आठवड्यांत त्याचे आडनाव क्रियापद झाले. ‘होम रूल’ही त्याच आयरिश झगड्यातून आपल्याकडे आला.

मराठीला त्यासाठी नवा शब्द घडवावा लागला नाही. बहिष्कार, ग्रामण्य, वाळीत टाकणे हे सगळे जातपंचायतीच्या व्यवहारात होतेच. गोखले यांना त्याचा अनुभवही होता. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे देण्यात आली. रानडे, टिळक, गोखले यांच्यासह उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि मिशनच्या चहावरून शहरात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांच्या प्रतिनिधींपर्यंत गेले.

बंगालच्या फाळणीनंतर १९०५ मध्ये बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून गोखले यांना बॉयकॉटवर बोलावे लागले. बंगालची बाजू त्यांनी उचलून धरली, स्वदेशीचा जोरदार पुरस्कार केला. पण या शब्दाला दुसऱ्याचे वाईट करण्याच्या इच्छेचा वास येतो, म्हणून हे हत्यार अगदी शेवटी आणि लोकांची पक्की एकजूट असेल तेव्हाच काढावे, अशी त्यांची भूमिका होती. तरुणांना हा सावधपणा रुचला नाही. व्यवहारातही गोखले यांची ही वर्गवारी टिकली नाही. बाजारात परदेशी कापड नाकारणाऱ्याच्या दृष्टीने स्वदेशी आणि बॉयकॉट एकच होते.

‘मवाळ’ हे नाव कितपत बरोबर?

१९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली. इंग्रजी वर्तमानपत्रांत मॉडरेट आणि एक्स्ट्रिमिस्ट असे दोन गट झाले. मराठीत पहिल्यासाठी नेमस्त आणि मवाळ असे दोन शब्द चालले. नेमस्त म्हणजे नेमाने, मर्यादेत राहणारा. मवाळ म्हणजे मऊ. दुसऱ्या शब्दात टोमणा आहे आणि टिकला तोच. पाठ्यपुस्तकांतही जहाल-मवाळ हीच जोडी आली.

गोखले स्वतः ‘कॉन्स्टिट्यूशनल’ चळवळ म्हणत. मराठीने त्याला सनदशीर हा सुंदर शब्द दिला. सनद म्हणजे राज्यकर्त्याने लिहून दिलेला हक्क, या जुन्या दप्तरी शब्दावरून तो आला. पण गोखले यांची व्याख्या अर्जविनंत्यांपुरती नव्हती. फेब्रुवारी १९०७ मध्ये अलाहाबादच्या भाषणात त्यांनी बंड, परकीय आक्रमणाला मदत आणि गुन्हेगारी या तीनच गोष्टी सनदशीरतेच्या बाहेर ठेवल्या. नि:शस्त्र प्रतिकार आणि अगदी कर न भरणेही त्यांनी आत घेतले. ते केव्हा शहाणपणाचे, हा प्रश्न त्यांनी वेगळा ठेवला. पुढे गांधीजींनी जे केले ते या व्याख्येत बसते. मवाळ या शब्दात ते मावत नाही.

शेवटच्या वर्षांत इंग्रजी कमी पडली का?

एका ठिकाणी नक्कीच. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ६ ते १० वर्षांच्या मुलांना शाळेत पाठवणे सक्तीचे करण्याची मुभा स्थानिक संस्थांना द्यावी, इतकीच त्याची मागणी होती. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी ते आधीच केले होते. ‘कंपल्शन’ या शब्दानेच सरकार आणि जमीनदार सदस्य बिचकले. मार्च १९१२ मध्ये विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. शिक्षणहक्क कायदा देशात लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडला.

ज्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी हे विधेयक होते, त्यांना गोखले यांचे एकही भाषण कळले नसते. टिळक केसरीतून मराठीत बोलत आणि गोखले सरकारशी सरकारच्या भाषेत. १२ जून १९०५ रोजी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या सदस्यांनाही त्यांनी वर्षानुवर्षे आधी अहवाल आणि आकडे वाचायला लावले. समाजाच्या आवारातच १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली.

ऑक्टोबर १९१२ मध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेला गेले. तिथल्या हिंदी मजुरांवरचा तीन पौंडांचा कर आणि वंशभेदाचे कायदे हा दौऱ्याचा विषय होता. गांधीजी त्यांच्याबरोबर फिरत होते. जोहान्सबर्गच्या सभेच्या वेळी प्रश्न निघाला की भाषण कोणत्या भाषेत करायचे. श्रोत्यांत कोकणी मुसलमान होते, महाराष्ट्रातले काही हिंदूही होते. त्यांना गोखले यांच्या तोंडून मराठी ऐकायचे होते. गांधीजींनी मराठीतच बोलण्याचा आग्रह धरला आणि हिंदुस्तानीत भाषांतर स्वतः करतो म्हणाले. गांधीजींच्या हिंदुस्तानीची गंमत करत, मराठी तुम्हाला कळणार कशी, अशी शंका गोखले यांनी काढली. पण ते तयार झाले. तिथून झांझिबारपर्यंत हिंदी लोकांच्या सभांमध्ये ते मराठीत बोलत गेले आणि गांधीजी वाक्यामागून वाक्य भाषांतर करत राहिले.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात गोखले यांचे निधन झाले. त्यांचे वय ४८ होते. टिळक सिंहगडावर होते. ते खाली उतरून स्मशानात आले आणि जमलेल्या लोकांसमोर मराठीत बोलले.